सरकारही काट्यावर येतं!

कोलनची बाटली, दिवाळी अंकातली कथा, १०७ तोळे सोनं आणि महिना एक रुपया पगार: आपल्या मूलभूत हक्कांच्या चटपटीत गोष्टी, श्रीपूरच्या काट्यापासून सुरू

गळीत हंगामात कधी श्रीपूरला या. माळशिरस तालुक्यातलं हे साखरेचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं ते नकाशावर आणलं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, हवेत मळीचा वास आणि गव्हाणीत मोळी पडण्याआधी कुठल्याच गाडीला न चुकणारं एक ठिकाण: काटा. भरलेली गाडी एकदा, रिकामी गाडी एकदा. ऊस चेअरमनचा असो की अर्ध्या एकरवाल्याचा, काटा झाल्याशिवाय पावती नाही.

भारताच्या संविधानातही असाच एक काटा बसवलेला आहे. भाग तीन, कलम १२ ते ३५, मूलभूत हक्क. इथं वजन सरकारचं होतं. सरकार हुकूम, बंदी, जप्ती, दंड असलं काही लादून आलं की काटेवाला विचारतो, "हे कुठल्या कायद्यानं? आणि तो कायदा तरी घटनेत बसतो का?"

या काट्यावर गेल्या पंचाहत्तर वर्षांत आलेला माल बघितला तर हसू येतं आणि कधी अंगावर काटाही येतो. त्यातल्या काही निवडक खेपा पुढे, सोबत काटा बसण्याआधीच्या काही गोष्टी.

१. नगरपंचायत म्हणजेसुद्धा 'राज्य'

राज्य म्हटलं की आपल्याला मंत्रालय आठवतं, लाल दिवा आठवतो. कलम १२ वाचा. केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं यांच्या जोडीला तिथं स्थानिक प्राधिकरणंही बसवली आहेत. म्हणजे आपली महाळुंग-श्रीपूर नगरपंचायत ही मूलभूत हक्कांच्या हिशेबात 'राज्य'च. दिल्लीच्या सरकारला जी बंधनं, तीच गटार आणि नळाचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाला.

गटारावरून आठवलं. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेनं उघड्या गटारांबद्दल "आमच्याकडे पैसेच नाहीत" असा हात वर केला होता. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब उडवून लावली. लोकांचं आरोग्य सांभाळणं हे पालिकेचं कर्तव्य. तिजोरी रिकामी आहे म्हणून ते टळत नाही. पुढच्या सभेत कुणी "निधी नाही" म्हणालं, तर रतलामचं नाव हळूच काढून बघा.

२. टोपी घातली, गुन्हा झाला

मे १९३०. गांधीजींच्या अटकेची बातमी सोलापुरात आली आणि गिरण्यांचं हे शहर पेटलं. ९ ते ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचा अंमलच नव्हता, हे सोलापूरकर आजही छाती फुगवून सांगतात. मग मार्शल लॉ आला. तिरंगा घेऊन फिरणं आणि डोक्यावर गांधी टोपी ठेवणं एवढ्यावरही लोकांना पकडू लागले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापूरला हुतात्म्यांचं शहर म्हणतात ते या चौघांमुळे.

आता पुढचं ऐका. 'मार्शल लॉ' हा शब्द आपल्या संविधानातही आहे, कलम ३४ मध्ये. पण त्याची व्याख्या पूर्ण संविधानात कुठंच दिलेली नाही! आणि ज्या झेंड्यापायी सोलापूरकरांनी तुरुंग पाहिला, तो सन्मानानं फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये नवीन जिंदाल खटल्यात सांगितलं.

३. जन्मानंच आरोपी

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाची वस्ती आहे. नाव इंग्रजी आणि इतिहास काटेरी तारेचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, रोज हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. चोरी केली का, हा प्रश्नच नव्हता. आई कुठल्या जातीची, बाप कुठल्या जातीचा, एवढ्यावर निकाल.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. कायद्यापुढे समानता हे कलम १४. देशात कुठंही फिरायचं आणि कुठंही राहायचं स्वातंत्र्य हे कलम १९. या दोन्हींसमोर असला कायदा टिकणार कसा? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. देशाला स्वातंत्र्य १५ ऑगस्टला मिळालं. काही लोकांना ते पोचायला आणखी पाच वर्षं सोळा दिवस लागले.

४. राजानं स्वतःलाच वेसण घातली

सत्तेला वेसण घालायची तर बहुधा रक्त सांडावं लागतं. आपल्या शेजारी मात्र एका राजानं ती स्वतःच्या हातानं घालून घेतली. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले. त्यांनी १९३८ मध्ये कारभार रयतेच्या हाती देण्याचं जाहीर केलं आणि १९३९ मध्ये औंधची राज्यघटना आली. ती घडवण्यात महात्मा गांधी होते, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचे पोलंडमधून आलेले एक इंजिनिअरही.

याच संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी राहिली. कैद्यांची, पण भिंती नसलेली. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या प्रयोगावरूनच सुचला. पडद्यावरचे ते सहा कैदी बघून डोळे पुसणाऱ्या कितीजणांना माहीत होतं, की मूळ गोष्ट माणदेशातली आहे?

५. पंढरीची पायरी आणि कलम १७

आषाढीला तुकोबांची पालखी माळीनगरचं उभं रिंगण उरकून श्रीपूरवरून बोरगावच्या मुक्कामाला जाते. लाखो माणसं, शांततेनं, हत्याराविना एकत्र येतात. कलम १९(१)(ख) मध्ये जमण्याचा हक्क सांगताना 'शांततेनं आणि विनाशस्त्र' एवढ्याच दोन अटी आहेत. वारीनं त्या घटनेच्या कितीतरी आधीपासून पाळल्यात.

पण याच वारीच्या टोकाला एक दार बंद होतं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. दहाव्या दिवशी दार उघडलं. पुढे संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली. या कलमाचं वेगळेपण असं, की कलम १९ मधल्या स्वातंत्र्यांना 'वाजवी निर्बंध' नावाची शेपूट आहे. कलम १७ ला कसलीच शेपूट नाही. ते सरकारवर बंधनकारक आहे, आणि शेजाऱ्यावर, दुकानदारावर, पुजाऱ्यावरही.

कलम १५(२) ची यादी तर वाचण्यासारखी: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. घटनेत तलाव कशाला, असं वाटलं तर महाड आठवा. चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ ला प्यायलं. त्या पाण्यावरचा कोर्टातला वाद हायकोर्टात जिंकायला १९३७ उजाडलं. पाण्याच्या ओंजळीसाठी दहा वर्षं कोर्टाची पायरी चढलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता.

६. दारूबंदी, पण कोलनचं काय?

उसाची होते साखर, साखरेची उरते मळी, मळीचा होतो अल्कोहोल. म्हणजे ही गोष्ट श्रीपूरला जवळची. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये कडक दारूबंदी कायदा केला. 'मद्य' शब्दाचं जाळं इतकं मोठं विणलं की त्यात औषधं आणि अत्तरं अडकली. एफ. एन. बलसारा यांनी कोर्टात विचारलं, की व्हिस्की-ब्रँडीचं एक वेळ राहू द्या, पण माझ्या कोलनच्या बाटलीनं काय पाप केलंय?

२५ मे १९५१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. दारूबंदी करायचा राज्याला अधिकार आहे. पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्यावर सरसकट बंदी ही वाजवी नाही. कायद्याचा तेवढा भाग छाटला गेला, बाकीचा राहिला. सगळा ऊस परत न पाठवता फक्त पाचट काढून टाकावं, तसं.

तो राहिलेला कायदा अजून जिवंत आहे. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. बारमध्ये बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारू नका.

७. तुरुंगातून निघालेला अणू

१९६०च्या दशकात मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर सांझगिरी यांनी वेळ सत्कारणी लावला आणि मराठीत विज्ञानाचं पुस्तक लिहिलं: 'अणूच्या अंतरंगात'. हस्तलिखित छापायला बायकोकडे पाठवायचं होतं. सरकार म्हणालं, नाही. का? तर स्थानबद्धांना मिळणाऱ्या सवलतींच्या यादीत 'पुस्तक लिहून बाहेर पाठवणं' हे नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी सरकारचा हा उफराटा हिशेब सुलटा केला. ती यादी सवलतींची नाहीच. स्थानबद्धतेतही माणसाचं जे स्वातंत्र्य उरतं, ते कायद्यानं काढून घेतलेलं नसेल तर त्याचंच आहे. पुस्तक छापण्याला मनाई करणारा नियम दाखवा. नव्हता. अणू सुटला.

या सदरातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नागरिकाला जे मना केलेलं नाही, ते करता येतं. सरकारला जे करायला दिलेलं नाही, ते करता येत नाही. सरकारी खिडकीवर मात्र बऱ्याचदा हे वाक्य उलटं टांगलेलं असतं.

८. दिवाळी अंक आणि पंचवीस रुपये

मराठी माणूस दिवाळीत फराळ खातो आणि अंक वाचतो. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या एका कथेनं मात्र फटाके लावले. अश्लील म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टात सुटका, हायकोर्टात दोषी, दंड रुपये पंचवीस. पंचवीस रुपये भरून मोकळं होता आलं असतं. पण प्रश्न पंचवीस रुपयांचा नव्हता, 'अश्लील लेखक' या शिक्क्याचा होता.

काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्तींनी ती मराठी कथा नीट वाचली, कथानक निकालपत्रात मांडलं आणि ती अश्लील नाही असं ठरवलं. सुटकेच्या निकालासोबत कथेचं परीक्षणही फुकट मिळालं. एवढ्या वरच्या दर्जाचा समीक्षक किती लेखकांच्या नशिबी येतो?

९. पगार: महिना रुपया एक

मुंबई नागरी सेवा नियमांत एक तरतूद होती. निलंबित सरकारी नोकराला खालच्या कोर्टात शिक्षा झाली, आणि त्याचं अपील अजून चालू असलं, तरी त्याचा निर्वाह भत्ता उतरवून महिना एक रुपया. 'निर्वाह' भत्ता बरं का! या नावाचा अर्थ ठरवणाऱ्या साहेबांनी कधी एक रुपयात महिना काढून पाहिला होता का, कोण जाणे.

१९८३ मध्ये 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान' या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. अपील बाकी असताना माणसाला उपाशी ठेवलं, तर तो अपील लढवणार कसा? हक्क कागदावर आणि पोट पाठीला, हे काट्यावर चाललं नाही.

१०. स्वतः हरला, सगळ्यांना जिंकून गेला

बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात एका प्राध्यापकाला मुंबई हायकोर्टानं तीन वर्षांची शिक्षा दिली. त्याचं अपील सुप्रीम कोर्टात पोचलं चार वर्षं उशिरा. कारण? निकालाची प्रत त्याच्या हातात पडलीच नाही, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाकडे प्रत पाठवल्याची नोंद होती. कैद्याला ती मिळाल्याची सही नव्हती.

१९७८ च्या या हॉस्कोट खटल्यात अपील फेटाळलं गेलं. पण जाता जाता कोर्टानं घालून दिलं, की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळालीच पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चानं दिला पाहिजे. आज गरीब आरोपीला मोफत वकील मिळतो, त्याच्या मागे या हरलेल्या माणसाची केस आहे.

महाराष्ट्रानं अशा आणखी दोन पायऱ्या बांधल्या. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांची स्थिती पत्रकार शीला बारसे यांनी एका पत्रानं सुप्रीम कोर्टापुढे मांडली. त्यातून १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी कोठडी आणि महिला पोलिसांचा पहारा हे निर्देश आले. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक नको, हा दंडकही आधी १९९५ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं घातला. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो नंतर शिरला, अपवादात्मक प्रसंगाची खिडकी ठेवून.

११. सोनंही गेलं, खटलाही आला

१९४९. सांताक्रूझ विमानतळ. जेद्दाहून आलेल्या एका प्रवाशाकडे १०७ तोळ्यांवर सोनं सापडलं. कस्टम्सनं सोनं जप्त केलं. वर खटलाही भरला. प्रवासी म्हणाला, कलम २०(२) बघा, एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही!

युक्तिवाद झकास होता, पण १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टात चालला नाही. कस्टम्स अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे, त्यांनी केलेली जप्ती म्हणजे खटल्यातली शिक्षा नव्हे. मकबूल हुसेन खटला म्हणून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रसंग पाठ असतो. काटा नागरिकाच्या बाजूनं झुकवलेला नसतो. तो फक्त खरा दाखवायचा असतो, याची ही आठवण.

१२. वडिलांचा निकाल, मुलाचं खोडरबर

आणीबाणीत प्रश्न आला, की माणसाला बेकायदा डांबलं तर तो कोर्टात जाऊ शकतो का? मुंबईसह नऊ हायकोर्टांनी सांगितलं, जाऊ शकतो. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक अशा मतांनी सांगितलं, नाही. त्या चौघांत होते पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड. एकटे विरोधात गेले ते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना, पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं.

एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. त्याच निकालात १९७६ च्या निकालावर काट मारली गेली. ती काट मारणारी लेखणी होती न्यायमूर्ती धनंजय यशवंत चंद्रचूड यांची. घरात वडिलांपुढे बोलायची चोरी असते म्हणतात. इथं मुलानं निकालपत्रात बोलून दाखवलं.

१३. बंद दारामागची सभा

त्याच आणीबाणीत, ऑक्टोबर १९७५ मध्ये, मुंबईच्या वकिलांनी बंद सभागृहात सभा ठरवली. विषय: नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. स्वातंत्र्यावर बोलायला परवानगी लागते, हेच त्या सभेचं सर्वांत प्रभावी भाषण ठरलं असतं. मुंबई हायकोर्टानं तो हुकूम मोडीत काढला. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातला मजकूर सेन्सॉरनं अडवला, तेव्हाही याच हायकोर्टानं लेखणीची बाजू घेतली.

डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. त्यांना तर परवानगी मागायचंही सुचलं नाही.

१४. सहकारी कारखान्याची सोय, थेट घटनेत

सोलापूर जिल्ह्यातल्या सभासदांनो, हे तुमच्यासाठी. संघटना स्थापण्याचा हक्क कलम १९(१)(ग) मध्ये पहिल्यापासून होता. ९७ व्या घटनादुरुस्तीनं फेब्रुवारी २०१२ पासून त्यात 'सहकारी संस्था' हे शब्द घातले गेले. म्हणजे सहकारी संस्था काढणं हा आज मूलभूत हक्क आहे.

पण त्याच दुरुस्तीत राज्यांतल्या सहकारी संस्थांचा कारभार कसा चालावा याचं एक मोठं प्रकरणही जोडलं होतं. सहकार हा राज्यांचा विषय. त्यात हात घालायचा तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता हवी. ती घेतलीच नव्हती. २० जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ते प्रकरण राज्यांतल्या संस्थांपुरतं रद्द केलं. संसद एवढी मोठी, तिची गाडीही काट्यावरून परत गेली. पावती नव्हती ना!

१५. पाच माणसं आणि एक हुकूम

जमावबंदीचं कलम आपल्या तोंडात '१४४' म्हणूनच बसलंय. १ जुलै २०२४ पासून त्याचा आकडा १६३ झाला. माळशिरस तालुक्यातल्याच मारकडवाडीत डिसेंबर २०२४ मध्ये गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर स्वतःच चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, आणि ३ डिसेंबरचा तो कार्यक्रम गावकऱ्यांना थांबवावा लागला. देशभर चर्चा झाली, दोन्ही बाजूंनी.

जमावबंदी हा सरकारचा अधिकार आहेच. नागपूरच्या गिरण्यांतल्या कामगार-वादातून आलेल्या बाबुलाल पराते खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये ते कलम वैध ठरवलं. पण त्यालाही वेसण आहे: हुकमात कारणं लिहिलेली हवीत आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. २०२० च्या अनुराधा भसीन निकालानं आणखी सांगितलं, की असे हुकूम प्रसिद्ध करा आणि लोकांचं न्याय्य मत दाबायला ते वापरू नका.

१६. लॅटिनमधले पाच हुकूम, गावच्या बोलीत

कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानाचं हृदय आणि आत्मा मानलं. त्यात पाच आदेश आहेत, नावं ऐकून घाम फुटावा अशी. अर्थ मात्र चावडीवरचा:

• हेबियस कॉर्पस: माणूस पकडलाय ना? आणा इथं, उभा करा.
• मँडॅमस: तुमचं काम आहे, मुकाट्यानं करा.
• प्रोहिबिशन: थांबा, हे तुमच्या हद्दीतलं नाही. (दारूबंदीशी संबंध नाही!)
• सर्शिओरराय: ती फाईल वर पाठवा, आम्ही बघतो.
• को वॉरंटो: या खुर्चीत बसलात ते कुठल्या हक्कानं?

हायकोर्टाला हेच अधिकार कलम २२६ नं दिलेत. त्यासाठी सोलापूरकरांना आजवर मुंबईची गाडी धरावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याला जोडला गेला. घटनेचं दार तेच, फक्त थोडं जवळ आलं.

झटपट खेपा

• अटक झाली की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायलाच हवं: कलम २२.
• आज केलेली गोष्ट उद्याच्या कायद्यानं गुन्हा ठरवून तिच्याबद्दल शिक्षा देता येत नाही: कलम २०(१).
• कायद्याच्या अधिकाराशिवाय एक रुपयाही कर घेता येत नाही: कलम २६५. पाणीपट्टीच्या पावतीमागेही कायदा लागतो.
• मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून बाहेर गेला. पण कायद्याशिवाय जमीन घेता येत नाही, हे कलम ३०० क मध्ये शिल्लक आहे.
• भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या मसुद्यात 'राजद्रोह' शब्द होता. कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीनं तो गेला. टिळकांना १९०८ मध्ये ज्या कोर्टात राजद्रोहाची शिक्षा झाली, तिथं १९५६ मध्ये त्यांच्या शब्दांची पाटी लागली. अनावरण केलं मुख्य न्यायाधीश छागला यांनी.
• मुंबईतून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारनं घातलेली बंदी सुप्रीम कोर्टानं मे १९५० मध्ये उठवली. साधारण वर्षभरानं पहिली घटनादुरुस्ती आली.
• घटना बदलायलाही हद्द आहे. २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. युक्तिवाद मुंबईच्या नानी पालखीवालांचा. एका मतानं वाचली मूलभूत चौकट!
• संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत शिवाजी महाराजांचं चित्र आहे, आणि ते आहे निवडणुकांच्या भागावर.

आणि पावती

सोळा खेपा झाल्या. यातली एकही गाडी आपोआप काट्यावर चढली नव्हती. कुणाच्या तरी कोलनची बाटली अडली, कुणाला पंचवीस रुपयांचा डाग सहन झाला नाही, कुणाला एका रुपयात महिना काढता आला नाही, म्हणून ती तिथं आली. विचारणारा माणूस आला नसता, तर काटा गंजत पडला असता.

आणि काटामारी म्हणजे काय, हे उसाच्या पट्ट्यात कुणी शिकवायला नको. म्हणूनच मुरलेला शेतकरी ट्रॉली काट्यावर चढली की बाजूला उभा राहतो. ड्रायव्हर चहाला हाक मारतो, तरी हलत नाही. चहा नंतर. आधी आकडा बघायचा.